प्रोजेस्टेरॉन रक्तातून जातं कुठे?

वाचकाचं पत्र (थोडं आखूड करून):

"मी ३१ वर्षांची आहे. मागच्या वर्षी आठव्या आठवड्यात गर्भ पडला. आता पुन्हा दिवस राहिलेत, सातवा आठवडा चालू आहे. सहाव्या आठवड्यात दोनदा थोडे डाग दिसले म्हणून डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. ठोके दिसले. गर्भ टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची (हार्मोनची) रक्ततपासणीही सांगितली. सोमवारी सकाळी उपाशीपोटी २२.४ आलं. मनाला चैन पडेना म्हणून गुरुवारी दुपारी जेवून पुन्हा जाऊन आले, तर १४.८! डॉक्टरांनी योनीमार्गात ठेवायच्या कॅप्सूल सुरू केल्यात आणि काळजी करू नका म्हणाले. पण मी मोबाईलवर वाचलं की यकृत प्रोजेस्टेरॉन तोडतं आणि ते लघवीवाटे निघून जातं. माझ्या शरीरातून ते जास्त वेगाने जातंय का? म्हणून मी पाणी कमी केलंय. जाऊबाई म्हणतात, कॅप्सूलपेक्षा तोंडाने घ्यायच्या गोळ्या बऱ्या, रक्तात लगेच दिसतात. मला दिवसभर झोप येते, तेही प्रोजेस्टेरॉन उतरल्यामुळेच असेल का? मागच्या वेळी मी भरपूर पाणी, नारळपाणी प्यायचे. तेव्हा माझ्याच हाताने चूक झाली का, हा विचार रात्री झोपू देत नाही. शरीरात प्रोजेस्टेरॉन टिकवून धरायचा काही उपाय असेल तर सांगा."
— एक वाचक, कराड

प्रिय मैत्रिणी,

आधी पाण्याचं बोलते, बाकीचं त्यानंतर. आजपासून पूर्वीसारखं पाणी प्या. नारळपाणी आवडत असेल तर तेही प्या. पाणी कमी करून प्रोजेस्टेरॉनचा एक कणही शरीरात जास्त राहत नाही. उलट गर्भारपणात आधीच मंदावलेली आतडी आणखी जड होतात, बद्धकोष्ठ वाढतो, उठताना चक्कर येते आणि लघवीच्या मार्गातल्या जंतुसंसर्गाला वाव मिळतो. हा संसर्ग गर्भारपणात अजिबात नको असतो.

तुम्ही वाचलं ते खोटं नाही. यकृत प्रोजेस्टेरॉन तोडतं आणि त्याचे अवशेष लघवीतून जातात. फक्त या गोष्टींचा क्रम लक्षात घेतला की भीती उरत नाही. प्रोजेस्टेरॉन कोलेस्टेरॉलपासून बनतं आणि त्याच्यासारखंच तेलाच्या जातीचं असतं. पाण्यात ते जवळपास विरघळतच नाही, त्यामुळे मूत्रपिंडाला ते आहे तसं बाहेर टाकता येत नाही. यकृतातली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, आधी त्याच्या रेणूवर ठिकठिकाणी हायड्रोजन जोडतात. त्यातून पायऱ्यापायऱ्यांनी प्रेग्नेनडायॉल नावाचा पदार्थ तयार होतो. प्रोजेस्टेरॉनचं काम करणं त्याला जमत नाही. मग त्याला ग्लुकुरोनिक आम्लाची, म्हणजे साखरेच्या जातीच्या एका रेणूची जोड मिळते आणि तो पाण्यात विरघळू लागतो. त्यानंतर त्याचा काही भाग लघवीतून जातो, काही पित्तातून आतड्यात उतरतो. म्हणजे लघवीपर्यंत पोहोचतं तेव्हा ते प्रोजेस्टेरॉन राहिलेलंच नसतं. तुम्ही ग्लासभर पाणी जास्त प्यायलात तर तेच अवशेष जरा पातळ होऊन जातील, कमी प्यायलात तर दाट होऊन. रक्तातल्या प्रोजेस्टेरॉनला त्याचा पत्ताही लागत नाही.

त्यामुळे मागच्या वर्षीच्या पाण्याचा आणि नारळपाण्याचा त्या गर्भाशी काही संबंध नव्हता. हे मी तुमची समजूत काढायला म्हणत नाही. वर सांगितलेल्या क्रमात पाण्याच्या प्रमाणाला गर्भावर परिणाम करायला जागाच नाही. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ पडतात त्यांतल्या साधारण निम्म्यांत गुणसूत्रांची जुळणीच सुरुवातीपासून चुकलेली असते, आणि ती आईच्या खाण्यापिण्याने, जिने चढण्याने किंवा ओझं उचलण्याने चुकत नाही. ओपीडीत हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. कधी पाण्याच्या नावाने, कधी पपईच्या, कधी एसटीच्या प्रवासाच्या. स्वतःला दोष देत महिनोन्‌महिने घालवलेल्या बायका पाहिल्यात मी. तुम्ही तरी त्या वाटेने जाऊ नका.

आता तुमचा मुख्य प्रश्न: तुमच्या शरीरातून प्रोजेस्टेरॉन जास्त वेगाने जातंय का?

ते वेगानेच जातं. तुमच्या, माझ्या, प्रत्येकीच्या शरीरातून. रक्तात सोडलेल्या प्रोजेस्टेरॉनचा निम्मा भाग काही मिनिटांतच रक्ताबाहेर गेलेला असतो. थोडं चरबीत आणि इतर पेशींत शिरतं आणि तिथून हळूहळू परत येतं, पण बरंचसं थेट मोडलं जातं. दिवसभराचा हिशेब मांडला तर शरीर साधारण दोन हजार लिटरहून जास्त रक्तद्रव, म्हणजे प्लाझ्मा, प्रोजेस्टेरॉनमुक्त करतं. यकृतातून जाणाऱ्या रक्तद्रवाच्या मानाने हा आकडा इतका मोठा आहे की एकट्या यकृताच्या नावावर तो मांडता येत नाही. त्वचा, मूत्रपिंड, मेंदू, खुद्द गर्भाशय, सगळीकडे हे रूपांतर थोडंथोडं चालू असतं. त्यातली मूत्रपिंडाची गंमत सांगण्यासारखी आहे. तिथे थोड्या प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात मीठ धरून ठेवणारं एक वेगळंच संप्रेरक तयार होतं आणि प्रोजेस्टेरॉन स्वतः मीठ बाहेर जाऊ देतं. दोन्ही एकाच वेळी चालू असल्यामुळे गर्भारपणात मिठापाण्याचा तोल राहायला मदत होते.

हेच तुमच्या रिपोर्टला लावून पाहू. हिशेब सोपा व्हावा म्हणून तुमच्या दोन आकड्यांच्या मधला २० धरू. २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे एका लिटर रक्तद्रवात २० मायक्रोग्रॅम. अंगात रक्तद्रव असतो पावणेतीन-तीन लिटर. म्हणजे रक्तवाहिन्यांत एका वेळी असलेलं सगळं प्रोजेस्टेरॉन मिळून ६० मायक्रोग्रॅमच्याही आत आहे. पण त्याच पातळीला शरीर दिवसभरात चाळीसेक मिलिग्रॅम तयार करतं आणि तेवढंच मोडून टाकतं. चाळीस मिलिग्रॅम म्हणजे चाळीस हजार मायक्रोग्रॅम. रक्तातला साठा दिवसातून शेकडो वेळा संपतो आणि शेकडो वेळा नव्याने भरतो. एसटी स्टँडवर दुपारी दोन वाजता माणसं मोजली तर त्यावरून दिवसभरात किती जण प्रवासाला गेले हे सांगता येत नाही. सुईने काढलेला रक्ताचा नमुनाही असाच, एका क्षणाची मोजणी.

म्हणून सोमवारचे २२.४ आणि गुरुवारचे १४.८ हे आकडे एकापुढे एक ठेवून "आठ कमी झालं" असा हिशेब करता येत नाही. या पातळीत आधीच चढउतार असतात. मासिक पाळीच्या उत्तरार्धात अंडाशय प्रोजेस्टेरॉन झटक्याझटक्याने सोडतं. १९८४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी निरोगी बायकांचं रक्त चोवीस तास दर थोड्या वेळाने तपासलं, तेव्हा ही पातळी २.३ पासून ४० पर्यंत वरखाली होताना दिसली होती, तीही मिनिटांच्या अवधीत. त्या बायका गर्भार नव्हत्या आणि गर्भ राहिल्यावर हे झटके बरेच सौम्य होतात, पण दिवसभरातला चढउतार संपत नाही. शिवाय तुम्ही दुसऱ्यांदा जेवून गेला होता. जेवणानंतर आतड्यांकडून यकृताकडे जाणारं रक्त वाढतं आणि यकृताच्या हाती जास्त प्रोजेस्टेरॉन लागतं, त्यामुळे पुढचे काही तास पातळी उतरलेली सापडू शकते. सकाळी उपाशीपोटी आणि दुपारी भरल्या पोटी घेतलेले नमुने वेगळे येणारच. त्यात दोन वेगळ्या लॅब असतील तर मोजण्याच्या पद्धतीचाही फरक पडतो. (परदेशातून लिहिणाऱ्या वाचकांसाठी एक सांगते. ब्रिटन, ऑस्ट्रेलियात हे नॅनोमोलमध्ये मोजतात. आपल्या आकड्याला ३.१८ ने गुणायचं. म्हणजे कराडचं १४.८ तिकडे ४७ दिसेल. कुणाची बहीण लंडनहून "माझं तर ६० होतं" म्हणाली तर आधी एकक विचारा.)

तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, आणि ते तुमच्या सातव्या आठवड्याशी जोडलेलं आहे.

गर्भ राहतो तेव्हा प्रोजेस्टेरॉन बनवण्याचं काम अंडाशयातल्या पीतपिंडाकडे असतं. डॉक्टर त्याला कॉर्पस ल्युटियम म्हणतात. ज्या पुटिकेतून अंडं बाहेर पडलं, तिचीच ही पुढची अवस्था. गर्भाकडून येणारं एचसीजी नावाचं संप्रेरक त्याला जिवंत ठेवतं. नंतर हे काम वार हाती घेते. या बदलाची वेळ हंगेरीत जन्मलेले डॉक्टर आर्पाद चापो यांनी १९७२-७३ च्या सुमाराला दाखवून दिली. गर्भपात आणि कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या बायकांमध्ये त्यांनी पीतपिंड काढून काय होतं ते पाहिलं. सात आठवड्यांच्या आत काढलं तर रक्तातलं प्रोजेस्टेरॉन कोसळत होतं आणि गर्भ पडत होता. नऊ आठवड्यांनंतर काढलं तर पातळी थोडी उतरून सावरत होती आणि गर्भ राहत होता. लवकर पीतपिंड काढून बाहेरून प्रोजेस्टेरॉन दिलं तरीही गर्भ टिकत होता. आज असा अभ्यास कुणी करू धजणार नाही, पण पहिल्या तिमाहीत कोण कधी काय बनवतं याचं आपलं ज्ञान अजूनही बरंचसं त्यावरच उभं आहे.

तुम्ही नेमक्या या सात ते नऊ आठवड्यांच्या मधल्या काळात आहात. पीतपिंड मंदावायला लागलेलं असतं, वार अजून पूर्ण रेट्याने कामाला लागलेली नसते. अशा वेळी पातळी काही दिवस चढत नाही, सपाट राहते किंवा किंचित खालीही येते, आणि मोडून टाकण्याचं काम मात्र नेहमीच्या वेगाने चालूच असतं. पुढे गर्भारपणभर मोडण्याचा हा वेग फारसा बदलत नाही, बदलतं ते उत्पादन. पाळीच्या उत्तरार्धात दिवसाला पंचवीसेक मिलिग्रॅम बनत असेल, तर नवव्या महिन्यात अडीचशे-तीनशे मिलिग्रॅमपर्यंत. म्हणून गर्भारपणात रक्तातली पातळी का वाढते याचं उत्तर "शरीर ते साठवतं" असं नाही. शरीर ते साठवत नाही, बनवत राहतं.

टिकवून धरायचा उपाय तुम्ही विचारलाय. मोडण्याचा वेग कमी करणारं औषध, काढा किंवा पथ्य असं काही नाही, आणि असावं असं मला वाटतही नाही. जी विकरं प्रोजेस्टेरॉन मोडतात तीच शरीरातली इतर कितीतरी संप्रेरकं आणि औषधं हाताळतात. त्यांना रोखलं तर त्याचे परिणाम फक्त एका आकड्यापुरते राहणार नाहीत. रक्तात प्रोजेस्टेरॉनला थोडा आधार असतोच. मोकळं असतं ते दोन टक्क्यांच्या आसपास, बाकीचं प्रथिनांना चिकटलेलं. अल्ब्युमिनने ते सैल धरलेलं असतं, तिथून ते यकृतात सहज सुटतं. ट्रान्सकॉर्टिन नावाच्या दुसऱ्या प्रथिनाची पकड घट्ट असते, आणि गर्भारपणात इस्ट्रोजेनमुळे यकृत हे प्रथिन जास्त बनवतं. म्हणजे जे यकृत तुम्हाला शत्रूसारखं वाटतंय तेच प्रोजेस्टेरॉनला धरून ठेवणारं प्रथिनही पुरवतंय.

वेग खरोखर वाढवणाऱ्या गोष्टीही आहेत आणि त्या डॉक्टरांना सांगायलाच हव्यात. टीबीवरच्या उपचारातलं रिफाम्पिसिन, फिट्सच्या आजारावरची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन ही औषधं यकृतातल्या विकरांना चालना देतात आणि संप्रेरकं लवकर मोडली जातात. तुम्ही यातलं काही घेत असाल तर आजच डॉक्टरांना फोन करा, पण गोळी स्वतःहून बंद करू नका. अर्धवट सोडलेला टीबीचा उपचार किंवा अचानक आलेली फिट बाळालाही धोक्याची आणि तुम्हालाही. यांपैकी काही चालू नसेल तर "माझंच शरीर जास्त वेगाने मोडतंय" हा विचार सोडून द्यायला हरकत नाही.

जाऊबाईंनी गोळ्यांचं सुचवलं, ते प्रेमानेच सुचवलं असणार. पण इथे त्याच यकृताचा मुद्दा पुन्हा येतो. तोंडाने घेतलेलं नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन आतड्यातून थेट यकृताकडे जातं आणि रक्ताभिसरणात पोहोचायच्या आतच त्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त मोडलेलं असतं. वर आणखी गोंधळ असा की लॅबच्या काही चाचण्यांना मोडलेले तुकडे आणि अख्खं प्रोजेस्टेरॉन यांतला फरक नीट ओळखता येत नाही. त्यामुळे गोळी घेतल्यावर आकडा चांगला दिसू शकतो आणि प्रत्यक्षात गर्भाशयाच्या वाट्याला फार थोडं आलेलं असतं.

योनीमार्गात ठेवलेल्या कॅप्सूलचं नेमकं उलटं होतं. औषध यकृताच्या दारात न जाता जवळच्या रक्तवाहिन्यांतून आधी गर्भाशयात शिरतं. स्नायूत दिलेलं इंजेक्शन आणि योनीमार्गाचं औषध यांची नव्वदच्या दशकात तुलना झाली, तेव्हा इंजेक्शन घेतलेल्यांच्या रक्तात आकडा जास्त होता, पण गर्भाशयाच्या अस्तरात प्रोजेस्टेरॉन योनीमार्गाने घेतलेल्यांमध्ये कितीतरी पटींनी जास्त सापडलं. म्हणून कॅप्सूल चालू असताना रक्तातला आकडा वाढला नाही, यावरून कॅप्सूल लागू पडत नाही असं ठरवायचं नाही. औषध जिथे हवं तिथे आहे आणि रक्त दंडातून काढलंय.

डायड्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी आहे. आपल्याकडे त्या खूप दिल्या जातात. त्यांच्या रेणूची घडण बदललेली असल्यामुळे त्या तोंडाने घेऊनही काम करतात. पण प्रोजेस्टेरॉनच्या रक्तचाचणीत त्या दिसतच नाहीत. त्या घेत असताना रिपोर्ट कमी आला म्हणून घाबरून डोस वाढवून मागणाऱ्या बायका मला माहीत आहेत. तुम्हाला कोणती द्यायची, की कॅप्सूलच पुरेशी, हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. आणि दोन्ही एकदम घ्यायचं घरात ठरवू नका.

तुम्हाला कॅप्सूल का दिली, हे डॉक्टरांनी घाईत सांगितलं नसेल तर मी सांगते, कारण निर्णय मला योग्य वाटतो. ब्रिटनमधल्या ४८ रुग्णालयांत चार हजारांहून जास्त बायकांवर प्रिझम नावाचा मोठा अभ्यास झाला आणि तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांना सुरुवातीच्या आठवड्यांत रक्त गेलं होतं. निम्म्यांना योनीमार्गाने ४०० मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन दिवसातून दोनदा, निम्म्यांना तसंच दिसणारं निष्क्रिय औषध. बाळ हाती आलं ते प्रोजेस्टेरॉनच्या गटात ७५ टक्के, दुसऱ्या गटात ७२. म्हणजे सरसकट पाहता फरक थोडा, आणि तो योगायोगानेही पडू शकतो इतकाच. पण ज्यांचे आधी तीन किंवा जास्त गर्भ पडले होते त्यांच्यात ७२ आणि ५७ असा फरक होता. एक-दोन गर्भ गेलेल्यांतही थोडा फायदा दिसला. त्यावरून ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ मध्ये सल्ला दिला की आधी गर्भ पडला असेल आणि या वेळी रक्त जात असेल तर हे औषध द्यावं, ठोके दिसल्यावर ते १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत चालू ठेवावं. तुमचं वर्णन याच्याशी जुळतं. आणि एक बारीक गोष्ट लक्षात घ्या, त्या अभ्यासात कुणालाही रक्तातल्या आकड्यावरून निवडलं नव्हतं. रक्तस्राव आणि आधीचा इतिहास, एवढंच पाहिलं होतं. तुमचं १४.८ ऐवजी ३० आलं असतं तरी कॅप्सूल मिळालीच असती.

मग प्रोजेस्टेरॉनची चाचणी करतातच कशाला? सोनोग्राफीत अजून काही स्पष्ट दिसत नसतं, पोटात दुखतंय किंवा रक्त जातंय, अशा वेळी पातळी पाच-सहाच्याही खाली असेल तर तो गर्भ बहुधा वाढत नाहीये असं डॉक्टरांना कळतं. तिथे ती उपयोगी आहे. अशा वेळी बहुतेकदा पातळी उतरली म्हणून गर्भ थांबलेला नसतो. गर्भ थांबल्यामुळे एचसीजी घटतं, पीतपिंड सुकतं आणि पातळी उतरते. तुमच्या बाबतीत ठोके दिसलेत, आणि १४.८ ही पहिल्या तिमाहीत नेहमी आढळणाऱ्या कक्षेतलीच पातळी आहे. रिपोर्टवर कक्षा छापलेली असते, ती एकदा शांतपणे वाचा. तिसऱ्यांदा चाचणी करू नका. ते पैसे पुढच्या सोनोग्राफीसाठी ठेवा, कारण गर्भ वाढतोय का या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे आहे.

लघवीतल्या त्या प्रेग्नेनडायॉलबद्दल आणखी थोडं सांगावंसं वाटतं, कारण तुम्हाला ती निव्वळ गळती वाटतेय. १९२९ साली गाय मॅरियन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने गर्भार बायकांच्या लघवीतून हा पदार्थ वेगळा काढला, तेव्हा प्रोजेस्टेरॉन शुद्ध रूपात कुणाच्या हातीही आलं नव्हतं. ते आलं १९३४ मध्ये. पुढची कित्येक वर्षं रक्तातलं इतकं सूक्ष्म प्रमाण मोजायची सोय नव्हती, म्हणून डॉक्टर चोवीस तासांची लघवी साठवून त्यातलं प्रेग्नेनडायॉल मोजत आणि त्यावरून अंडाशय, वार काम करतायत का याचा अंदाज बांधत. ते काम किचकट होतं, पण त्यात पूर्ण दिवसाची बेरीज मिळायची. आज आपल्याला तासाभरात रिपोर्ट मिळतो आणि एकाच क्षणाच्या आकड्यावर आपण रात्र जागून काढतो. घरी पाळीचा हिशेब ठेवायला परदेशात ज्या लघवीच्या पट्ट्या मिळतात, त्यांतल्या काही आजही प्रोजेस्टेरॉनचे हेच अवशेष तपासतात. लघवीत ते सापडणं म्हणजे आत प्रोजेस्टेरॉन बनतंय याची खूण आहे.

झोपेचंही तसंच. प्रोजेस्टेरॉन मोडताना वाटेत ॲलोप्रेग्नेनोलोन नावाचा एक पदार्थ तयार होतो. झोपेच्या काही गोळ्या मेंदूतल्या ज्या ग्राहींवर, म्हणजे रिसेप्टर्सवर, काम करतात, त्याच गाबा ग्राहींवर तोही काम करतो. मन आणि शरीर सुस्तावतं. तोंडाने घ्यायच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या रात्रीच घ्यायला सांगतात ते म्हणूनच, कारण यकृतातून जाताना हा पदार्थ खूप बनतो. सुरुवातीच्या आठवड्यांतल्या गुंगीत याचा मोठा हात मानला जातो. तेव्हा दिवसभर झोप येते याचा अर्थ प्रोजेस्टेरॉन संपत आलंय असा नाही. दुपारी झोप आली तर झोपा. फक्त हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासलं नसेल तर तेवढं विचारून घ्या, कारण आपल्याकडे थकव्यामागे रक्त कमी असणं फार वेळा सापडतं.

कॅप्सूलबद्दल थोडं व्यवहाराचं. रात्री झोपताना ठेवा. दुसरी सकाळची असेल तर ठेवल्यावर थोडा वेळ पडून राहा. नंतर तेलकट, पांढरट स्राव येतो, कधी कॅप्सूलचं मऊ टरफल बाहेर येतं. औषध शोषलं गेलेलं असतं, ते परत ठेवायचा प्रयत्न करू नका. अख्खी कॅप्सूल लगेच निसटली तर डॉक्टरांना विचारा, मनाने दोन ठेवू नका. डोस चुकला तर आठवल्यावर एक ठेवा, पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्या. एखाद्या रात्रीच्या चुकीने गर्भ जात नाही. आणि कॅप्सूल कधी थांबवायची हे आत्ताच विचारून कागदावर लिहून घ्या. माहेरी गेल्यावर किंवा डॉक्टर बदलल्यावर "किती दिवस घ्यायची होती?" यावरून फार गोंधळ होतात.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना एवढंच विचारा की पुढची सोनोग्राफी कधी, गर्भाची लांबी आठवड्यांप्रमाणे आहे का, आणि डाग कुठून येतायत हे दिसलं का. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर डाग गेल्याचं सांगताना त्याचीही आठवण करून द्या.

डाग तपकिरी आणि थोडे असतील तर थांबून नेहमीच्या वेळेला गेलात तरी चालेल. पण तासाभरात पॅड भिजेल इतकं लाल रक्त, गाठी, पोटाच्या एका बाजूला वाढत जाणारं दुखणं, खांद्याच्या टोकाशी दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा ताप, यांतलं काहीही झालं तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी घरच्यांना उठवा आणि दवाखाना गाठा. त्या वेळी जुने रिपोर्ट शोधत बसू नका, सोनोग्राफीचा शेवटचा कागद तेवढा पर्समध्ये आधीपासून ठेवा.